जुने चिरे, नवा मांगर आणि परवान्याचे कागद

या वेळच्या टपालात मांगर (सामान ठेवण्याचे घराबाहेरचे लहान बांधकाम), गोठा, गाडीची शेड आणि मोडलेल्या घराचे सामान यांविषयीची पत्रे इतकी होती की ती एकत्रच घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्याच इच्छेनुसार वगळली असून पत्रे थोडी आटोपशीर केली आहेत.

प्रश्न (फोंडा तालुक्यातील एक वाचक) : आमच्या वडिलोपार्जित घराची मागची बाजू, म्हणजे न्हाणी, सरपणाची खोली आणि पडवी, गेल्या आषाढात कोसळली. चिरे, मंगलोरी कौले आणि बरेचसे वासे शाबूत आहेत. ते वापरून घरामागच्या भाटात (माड-फळझाडांच्या आवारात) सुमारे तीस चौरस मीटरचा मांगर बांधावा असा विचार आहे. एका पंचाने सांगितले की घर जुने, सामानही जुने, तेव्हा परवान्याची गरज नाही. हे बरोबर आहे का?

उत्तर : बरोबर नाही. सामान जुने असल्याने बांधकाम जुने ठरत नाही. गोवा पंचायत राज कायदा, १९९४ याच्या कलम ६६ नुसार पंचायतीच्या लेखी परवानगीवाचून कोणालाही इमारत उभारता येत नाही, असलेल्या इमारतीत फेरफार किंवा वाढ करता येत नाही आणि पडलेली इमारत पुन्हा बांधताही येत नाही. ‘इमारत’ या शब्दात राहत्या घराबरोबर मांगर, गोठा, शेड, झोपडी, भिंत हे सारे येते, मग ते चिऱ्याचे असो, मातीचे असो, लाकडाचे असो वा पत्र्याचे. आपल्याकडे ‘चार खांब आणि वर पत्रा, त्याला कसला परवाना’ असे सर्रास म्हटले जाते. शेजाऱ्याने तक्रार करेपर्यंत ते चालतेही, परंतु तक्रार झाली की त्या चार खांबांनाही तीच नोटीस येते जी तीन मजली इमारतीला येते.

पंचाचे म्हणणे मात्र अगदीच हवेतले नाही. त्यांच्या मनात बहुधा दुरुस्ती असावी. शाकारणी करणे, फुटकी कौले बदलणे, गिलावा, रंग, कुजलेल्या दाराच्या जागी दुसरे दार बसवणे, अशा कामांकडे नियम सौम्यपणे पाहतात, कारण त्यांत इमारतीचे क्षेत्र, उंची किंवा सांगाडा बदलत नाही. दुसरा प्रकार म्हणजे पडलेला भाग त्याच जोत्यावर, तेवढ्याच मापाचा पुन्हा बांधणे. त्याला परवानगी लागते, परंतु तो भाग पूर्वी तेथे होता हे दाखवता आले तर प्रकरण पुष्कळ सोपे होते. तिसरा प्रकार म्हणजे नव्या जागी नवे बांधकाम. आपण तेच चिरे उचलून पंधरा मीटर मागे भाटात नेलेत की त्या क्षणी आपले काम दुसऱ्या प्रकारातून तिसऱ्यात जाते. चिरे उचलून नेता येतात, जुन्या जोत्याचा हक्क उचलून नेता येत नाही.

म्हणून माझा पहिला सल्ला असा की भाटाचा हट्ट नसेल तर मागची बाजू जुन्या जोत्यावरच उभी करावी आणि तिचाच मांगर म्हणून वापर करावा. त्यासाठी सर्व्हे आराखड्याची प्रत आजच काढून ठेवावी, कारण त्यात घराची जी आकृती दाखवली आहे तीच आपला सर्वांत भक्कम पुरावा आहे. पडझडीनंतर तलाठ्याने नुकसानीचा पंचनामा केला असेल तर त्याची प्रत, पडण्यापूर्वीची छायाचित्रे (लग्नातल्या अल्बममध्ये मागची पडवी हमखास सापडते) आणि घरपट्टीच्या जुन्या पावत्या सोबत जोडाव्यात. घरपट्टीविषयी एक गैरसमज मात्र येथेच दूर करतो. पावतीने बांधकाम कायदेशीर ठरत नाही. ते तेथे होते आणि त्यावर कर भरला जात होता, एवढेच तिच्यावरून दिसते.

भाटातच बांधायचे असेल तर वाट लांबची आहे. प्रथम एक-चौदाचा उतारा (जमिनीच्या हक्कांची महसुली नोंद) पाहावा. आपल्याकडील वडिलोपार्जित मालमत्तेत उताऱ्यावर बहुधा आजोबांचे किंवा चार काकांचे नाव असते, काही जण मुंबईला, काही पोर्तुगालला, आणि गोव्याच्या नागरी संहितेमुळे पती-पत्नीची मालकी सामाईक असल्याने त्यांच्या जोडीदारांचाही प्रश्न येतो. सहहिस्सेदारांची लेखी संमती नसेल तर अर्ज तेथेच अडतो, आणि अडला नाही तरी पुढे त्यांच्यापैकी कोणीही हरकत घेऊ शकतो. वारसा-वाटणीचे प्रकरण वर्षानुवर्षे पडून असेल तर मांगरापूर्वी त्याकडे पाहावे, हे मी कटुपणा घेऊन सांगतो.

त्यानंतर नगर नियोजन खात्याकडून झोनिंगचा दाखला घ्यावा. भाट वस्तीच्या झोनमध्ये येते की बागायतीच्या, हे त्यावरून कळते. घराभोवतीचे सगळे भाट वस्तीचेच असेल असे गृहीत धरू नये, कारण झोनची रेषा पुष्कळदा अंगणातूनच गेलेली असते. वस्तीचा झोन असला तरी जमिनीचा महसुली वापर शेतीचा असेल तर जमीन महसूल संहिता, १९६८ याच्या कलम ३२ खाली बिगरशेती वापराची सनद लागते. सनद मिळाल्यावर किंवा ती आधीच असल्यास नोंदणीकृत वास्तुविशारद किंवा अभियंत्याकडून नकाशे करून घ्यावेत, ते २०१० च्या गोवा भूविकास व इमारत बांधकाम नियमावलीप्रमाणे खात्यातून तांत्रिक मंजुरी मिळवून पंचायतीकडे न्यावेत आणि बांधकाम परवाना घ्यावा. त्या नकाशात जुने घर, विहीर, शोषखड्डा, हद्दीपासूनची अंतरे आणि आपला तीस चौरस मीटरचा मांगर हे सारे दाखवावे लागते, कारण प्लॉटवर आधीच किती क्षेत्र बांधलेले आहे यावरच आणखी किती बांधता येईल हे ठरते.

पंचायतीने अर्ज मिळाल्यापासून तीस दिवसांत निर्णय कळवला नाही तर पुढच्या तीस दिवसांत पंचायत उपसंचालकांकडे अपील करता येते. अर्जावर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घेतल्याखेरीज खिडकी सोडू नये, ही सूचना क्षुल्लक वाटेल, परंतु ते तीस दिवस मोजायचे कोठून हे त्या शिक्क्यावरच ठरते.

प्रश्न (डिचोली येथील वाचक) : मोडलेल्या घराचे सामान वापरले तर अभियंता स्थैर्याच्या दाखल्यावर सही करील का? आम्हाला दोघांनी नकार दिला आहे.

उत्तर : ज्यांनी नकार दिला त्यांना मी दोष देणार नाही. नव्या सामानाबरोबर कारखान्याचे प्रमाणपत्र येते. जुन्याबरोबर फक्त विकणाऱ्याचा शब्द येतो. तथापि सामान रचून, वेगळे करून, अभियंत्याला प्रत्यक्ष हाताळायला मिळेल असे ठेवले तर पुष्कळांचे मत बदलते. ढिगाऱ्यावर कोणी सही करत नाही.

चिऱ्यापासून सुरुवात करू. जांभा दगड खाणीतून काढताना मऊ असतो आणि हवा लागून कठीण होतो, त्यामुळे साठ वर्षे कोरड्या भिंतीत राहिलेला चिरा नव्यापेक्षा चांगला निघणे हे नवल नव्हे. भारतीय मानक ३६२० प्रमाणे बांधकामाच्या चिऱ्याची दाबशक्ती चौरस मिलिमीटरला किमान ३.५ न्यूटन असावी आणि त्याने वजनाच्या १२ टक्क्यांहून अधिक पाणी शोषू नये. चार-सहा चिरे प्रयोगशाळेत पाठवून त्याचा कागद घेतला तर अभियंत्याची अर्धी शंका मिटते. घरच्या घरी पाहायचे झाल्यास चिऱ्यावर दुसऱ्या चिऱ्याचा तुकडा आपटावा. टणक आवाज आला तर ठीक, भुसभुशीत आवाज येऊन कडा झडल्या किंवा आत पांढऱ्या मातीच्या गाठी दिसल्या तर तो चिरा भिंतीत घालू नये, वयीच्या (कुंपणाच्या) बांधाला वापरावा. जोत्याच्या खालच्या दोन थरांतले चिरे वर्षानुवर्षे ओल पिऊन असतात, त्यांना वेगळे रचावे. आणखी एक गोष्ट जी विकत घेणाऱ्यांच्या ध्यानात उशिरा येते : चुन्यात किंवा मातीत बांधलेला चिरा छिन्नीच्या दोन ठोक्यांत मोकळा होतो, परंतु सिमेंटमध्ये बांधलेला चिरा सिमेंट सोडत नाही, स्वतःच फुटतो. म्हणून ऐंशीच्या दशकातल्या भिंतीपेक्षा पणजोबांच्या भिंतीतून अधिक चिरे हाती लागतात.

कौलांबाबत मी स्वतः फसलो आहे. मंगलोरी कौलांचा पहिला कारखाना बॅसल मिशनने १८६५ मध्ये मंगळुरात काढला आणि पुढे ती कौले कोकणभर पसरली, तीही अनेक कारखान्यांची. प्रत्येकाच्या साच्यात थोडा फरक. मी मोडतोडीच्या एका व्यापाऱ्याकडून दोन घरांची मिसळलेली कौले स्वस्तात घेतली, आणि छपरावर चढलेल्या मेस्ताने तासाभरात खाली येऊन दोन कौले माझ्या हातात दिली. एकाची खाच दुसऱ्याच्या कडेत बसतच नव्हती, मध्ये करंगळी जाईल एवढी फट. तेव्हापासून कौलाच्या पाठीवरचा कारखान्याचा छाप पाहून ढीग वेगळे करणे आणि रिपांचे अंतर त्या त्या ढिगातल्या कौलावरून ठरवणे, हा माझा नियम झाला आहे. बोटाच्या पेराने वाजवून खणखणीत वाजेल तेच कौल घ्यावे. बद्द वाजणाऱ्यात तडा असतो, तो दिसो वा न दिसो.

लाकूड हे सर्वांत फसवे. वासा मधोमध निरोगी दिसतो आणि भिंतीत गेलेले टोक आतून पोकळ असते, म्हणून टोकापासून हातभर अंतरापर्यंत स्क्रू-ड्रायव्हर दाबून पाहावा. तो सहज आत गेला तर तेवढा भाग कापून टाकावा आणि उरलेल्या लांबीला पुरेल एवढाच गाळा ठेवावा. जुने खिळे आणि खोबणी जेथे असतील तेथे लाकडाची जाडी कमी धरूनच अभियंता हिशेब करतो, याची तयारी ठेवावी. माडाच्या वाशांपेक्षा सागवान किंवा फणसाचे वासे पुन्हा वापरायला अधिक भरवशाचे. हे लाकूड ट्रकने दुसऱ्या तालुक्यात न्यायचे असेल तर आधी वन खात्याच्या परिक्षेत्र कार्यालयात विचारून जे काय ते लेखी घ्यावे. वाटेत अडवल्यावर ‘हे आमच्याच घराचे’ हे तोंडी सांगून भागत नाही.

स्लॅब फोडून काढलेल्या, वाकड्या झालेल्या आणि ठोकून सरळ केलेल्या सळ्या मात्र कोणत्याही परिस्थितीत वापरू नयेत. खाऱ्या हवेने गंजलेली सळी वाकवून पुन्हा सरळ करताना कोठे चिरली आहे हे डोळ्यांना दिसत नाही. येथे नकार देणारा अभियंताच योग्य.

छपराविषयी एक सूचना. कौलारू छपराचे वजन रिपांसह चौरस मीटरला सुमारे ६५ किलो भरते, पत्र्याचे त्याच्या दशांशाहूनही कमी. यामुळे लोक पत्रा निवडतात आणि खांब बारीक करतात. परंतु हलके छप्पर पडण्याची भीती कमी आणि उडण्याची अधिक असते. भारतीय मानकात पणजीसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर, म्हणजे ताशी १४० किलोमीटरच्या आसपास धरला आहे, आणि मे २०२१ मधील तौक्ते वादळाने गोव्याच्या किनारपट्टीला त्याची चुणूक दाखवली. खांब जमिनीत किती खोल आणि कशाला बोल्ट केले आहेत, हे नकाशावर लिहून घ्यावे.

प्रश्न (सत्तरी) : कारखान्याच्या शेडचे जुने सिमेंटचे पत्रे फुकट मिळत आहेत. गोठ्यावर घालावेत का?

उत्तर : घालू नयेत. या पत्र्यांत ॲस्बेस्टॉसचे तंतू असतात. पत्रा अखंड आणि जागच्या जागी असताना धोका कमी असतो, परंतु तो उतरवताना, कापताना आणि नव्या जागी भोके पाडताना सुटणारी धूळ फुप्फुसांत जाते आणि तिचे परिणाम दिसायला दशके लागतात. फुकट देणाऱ्याने स्वतःची विल्हेवाटीची जबाबदारी आपल्यावर ढकलली आहे, एवढेच समजावे.

प्रश्न (पेडणे तालुका) : भातशेतीच्या कडेला आमची वडिलांना कूळ म्हणून मिळालेली जमीन आहे. तेथे गुरांसाठी आणि अवजारांसाठी जुन्या चिऱ्यांचा पक्का मांगर बांधायचा आहे, त्यातच एक खोली व संडास. फार्म हाऊस म्हणून परवाना मिळेल का?

उत्तर : आपल्या एका प्रश्नात दोन वेगळे प्रश्न गुंतले आहेत, आणि ते एकत्र विचारल्याने आपलेच नुकसान होईल. गुरे, वैरण, अवजारे यांसाठीचे साधे बांधकाम शेतीच्या कामाचा भाग म्हणून मांडता येते. त्यात खोली आणि संडास आला की अधिकाऱ्याच्या नजरेला ते राहण्याचे घर दिसते. फार्म हाऊससाठी किमान ४,००० चौरस मीटर जमीन लागते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे जमीन कूळ कायद्याने मिळालेली असल्यास गोवा भूवापर (नियमन) कायदा, १९९१ तिचा शेतीखेरीज अन्य वापर करू देत नाही. शिवाय भातशेत आणि सखल जमीन भरून जोते उंच करण्यावर नगर नियोजन कायदा, १९७४ याच्या कलम १७-अ ची बंदी आहे. भातशेतीतील आणि रस्त्याकडेच्या बेकायदा बांधकामांवर मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने मार्च २०२५ मध्ये कडक आदेश दिल्यापासून पंचायती या बाबतीत पूर्वीसारख्या डोळेझाक करत नाहीत. गोठ्याचाच अर्ज करावा, भराव न घालता मिळेल ती उंच जागा निवडावी आणि भिंती कमरेएवढ्याच ठेवाव्यात. गुरांना वारा लागतो आणि बांधकामाचा हेतूही कोणाला समजावून सांगावा लागत नाही.

प्रश्न (दिवाडी) : नदीकाठी घराला लागून जाळी आणि होडीचे सामान ठेवण्याची खोप होती. ती काढून त्याच जागी चिऱ्याची खोली बांधू शकतो का?

उत्तर : येथे पंचायतीपूर्वी गोवा किनारपट्टी क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरण येते. २०११ च्या किनारी नियमन अधिसूचनेप्रमाणे भरतीच्या नदीकाठी भरतीरेषेपासून १०० मीटर किंवा नदीची रुंदी, यांपैकी जे कमी असेल तेवढा पट्टा नियमनाखाली येतो, आणि मांडवी आपल्याकडे रुंद असल्याने १०० मीटर धरूनच चालावे. अधिकृत असलेल्या जुन्या बांधकामाची, क्षेत्र न वाढवता, दुरुस्ती करता येते. माडाच्या झावळ्यांची खोप काढून चिऱ्याची खोली उभारणे याला दुरुस्ती म्हणता येणार नाही. जागा खाजन (बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या) जमिनीची असेल तर अर्जही करू नये, कारण त्याच अधिसूचनेत गोव्यासाठी वेगळा भाग असून खाजन जमिनीत विकासकामांना मनाई आहे. खोप अधिकृत होती हे कागदावर दाखवता येत असेल तर तिला खोप म्हणूनच शाकारावे. कागद नसेल तर आधी प्राधिकरणाकडे लेखी विचारणा करावी.

प्रश्न (मडगावजवळील गाव) : आम्ही २०१९ मध्ये परवान्याविना गाडीची शेड बांधली. आता नियमित करता येईल का?

उत्तर : २०१६ च्या अनधिकृत बांधकाम नियमितीकरण कायद्याची मर्यादा २८ फेब्रुवारी २०१४ पूर्वीच्या बांधकामांची आहे, त्यामुळे आपली शेड त्यात बसत नाही. वीजबिल किंवा घरपट्टी जुन्या तारखेची मिळवून देतो असे सांगणारे भेटतील. त्यांच्यापासून दूर राहावे. शेड वस्तीच्या झोनमध्ये असून हद्दीपासूनची अंतरे राखलेली असतील तर रीतसर नकाशासह परवान्याचा अर्ज आणि दंडाची तयारी, हा मार्ग आहे. अंतर कमी पडत असेल तर नटबोल्ट उघडून शेड मागे सरकवणे स्वस्त पडते. लोखंडी शेडची ती एक सोय.

प्रश्न (पणजी, मळा) : शेजारचे जुने घर पाडले जात आहे. त्याच्या शिंपल्यांच्या खिडक्या विकत घेऊन आमच्या गच्चीवरील नव्या खोलीला बसवता येतील का?

उत्तर : खिडक्या जरूर घ्याव्यात, खोलीबाबत घाई करू नये. आपला भाग जतन क्षेत्रात येत असल्याने गच्चीवरची खोली, छपराचा उतार आणि रस्त्यावरून दिसणारी बाजू यांना महापालिकेच्या परवान्याखेरीज जतन समितीचीही मान्यता लागते, आणि जुन्या खिडक्या लावल्याने नवी खोली वारसा ठरत नाही. उलट आहे त्या घरातल्या काचेच्या खिडक्या काढून तेथे या बसवण्याचा प्रस्ताव समितीला अधिक पटेल.

खिडक्या मात्र सोडू नयेत. ज्या शिंपल्यापासून त्या बनतात तो मेंदयो आता वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे, त्यामुळे नवे शिंपले काढून खिडकी बनवून घेणे शक्य नाही. असतील त्या जुन्याच. उतरवताना झडप चौकटीसकट काढावी, पट्ट्या उकलून शिंपले सुटे करू नयेत. सुटलेले शिंपले वर्तमानपत्राच्या घड्यांत उभे ठेवावेत, एकावर एक रचू नयेत, आणि धुताना फक्त ओले फडके वापरावे. आम्लाने धुतलेला शिंपला त्या दिवशी चमकतो आणि दोन पावसाळ्यांत त्याचे पापुद्रे निघू लागतात.